आपली गोष्ट पहिल्यांदा कुणासमोर सांगितलीत? (अनुभव धागा)

जायफळ
परवा सोसायटीची कोजागिरी झाली, गच्चीवर, नेहमीसारखी. यंदा कमिटीतल्या वहिनींना खेळ सुचला. प्रत्येक जोडप्याने उभं राहून 'आमची पहिली भेट' सांगायची. कांदेपोहे, पत्रिका, एकाला तर सासऱ्यांनी अर्धा तास रेल्वेच्या वेळापत्रकावर प्रश्न विचारलेले. हसून पुरेवाट झाली. मी आणि माझा 'रूममेट' पातेल्यापाशी दूध ढवळत होतो. सतरा वर्षांचे रूममेट. वहिनी प्रेमानेच म्हणाल्या, "तुम्हा बॅचलर लोकांची मजा आहे बाबा." दोघांची वयं मिळून ९७.

रात्री झोप लागेना. २०१४ च्या सुरुवातीची एक संध्याकाळ आठवत राहिली. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, परत जिवंत केलं होतं. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सोडवलं, चार वर्षं जरा पाय पसरले, आणि पुन्हा आपण गुन्हेगार. मी तर ठरवलं होतं की आता कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. एका मित्राने ओढून नेलं. उपनगरातला लहानसा हॉल, वीस-बावीस प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. फोन टोपलीत. नाव सांगायची सक्ती नाही. प्रत्येकाला सात मिनिटं, मग घंटा.

मी ऐकायला गेलो होतो. तिसरा माणूस एसटीत कंडक्टर. शेवटच्या फेरीला एक मास्तर चढायचे. हा त्यांना तिकीट द्यायचा आणि म्हणायचा, सुटे नाहीत, उरलेले उद्या घ्या. म्हणजे उद्या पुन्हा बोलता येईल. अकरा महिने. मग मास्तरांची बदली झाली. बस्स, एवढीच गोष्ट. सात मिनिटंसुद्धा लागली नाहीत त्याला.

मी हात वर कधी केला ते आठवत नाही. घंटा वाजली तेव्हा मी अजून आईच्या शिलाई मशीनपर्यंतच पोचलो होतो.

तुमचं सांगा. कार्यक्रमात बोलला असाल, नुसते ऐकून आला असाल, काहीही.

तीन_शिट्ट्या
रुमाल टाकतेय. कुकर लावलाय, झाला की लिहिते.

निळी_सायकल
मी पुण्यात 'पुस्तक' झाले होते. ह्यूमन लायब्ररी म्हणतात, डेन्मार्कात २००० साली सुरू झालेली कल्पना. माणूस हेच पुस्तक, वाचक समोर येऊन बसतो आणि काय हवं ते विचारतो. माझ्यापुढे पाटी, 'लेस्बियन'. म्हटलं मी संस्कृतही शिकवते, ते कुठे लिहू? नाही लिहिलं.
पहिले वाचक निवृत्त काका, वही-पेन घेऊन. घसा खाकरून विचारलं, तुम्हा दोघींत स्वयंपाक कोण करतं? म्हटलं, कुणीच नाही, डबा येतो. काकांनी लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, अजून एक विचारू का? मी तयारी केली मनाची. तर डबेवाल्या बाईंचा नंबर हवा होता. काकू गेल्यापासून जेवणाचे हाल होते त्यांचे.
तीन आठवड्यांनी फोन करून सांगितलं की आमटी गोड असते.

मठ्ठा_एक_ग्लास
@निळी_सायकल आमटी गोडच असते. काका कोकणातले असणार.

दुसरी_पाळी
मोठं लिहितोय, ब्रेक चालू आहे. टायपो माफ.
वांद्र्याला एका कॅफेत असा कार्यक्रम होता. मी अंबरनाथहून पाळी संपवून गेलो. कॉफीची किंमत बघून पाणी घेतलं. बोलणारे चांगले होते, खोटं नाही बोलणार, पण सगळं इंग्रजीत. थेरपिस्ट, ट्रॉमा, टॉक्सिक. मला अर्धं कळलं. धीर करून विचारलं, मराठीत चालेल का? ऑफ कोर्स, ऑफ कोर्स! उभा राहिलो. दुसऱ्या वाक्यालाच लोक चुटक्या वाजवायला लागले. मला वाटलं आवरतं घे म्हणतायत. खाली बसलो!! नंतर एका पोरीने सांगितलं, अरे चुटकी म्हणजे दाद.
मराठीत बोलायचं तर अडचण वेगळीच. समलिंगी म्हटलं की पेपरातली बातमी वाटते. गे म्हटलं तर आईला कळत नाही. आमच्या चाळीत जे शब्द आहेत ते सगळे शिव्या आहेत. शेवटी घरी एवढंच म्हणालो, मला बायको नको, कधीच नको. आई म्हणाली, संन्यास घेतोस का? आणि तेव्हापासून गुरुवारी माझ्यासाठी वेगळी खिचडी करते. सांगून झालं की नाही झालं, तुम्हीच सांगा.
शेवटची कर्जत चुकली त्या दिवशी. स्टेशनवर झोपलो.

निळी_सायकल
अरे चुटक्या 😭😭 पुढच्या वेळी मी येते, टाळ्या वाजवते.

झुणका_वन_प्लेट
खिचडी साबुदाण्याची का मुगाची?

दुसरी_पाळी
साबुदाणा. शेंगदाणे जास्त. चार किलो वाढलोय संन्यासात.

खुर्च्या_मोजणारी
असे कार्यक्रम काही वर्षं घेतले म्हणून लिहिते. इंग्रजीबद्दल दुसरी_पाळीचं शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही मराठी बैठक वेगळी ठेवली, तर पहिल्यांदा पाच माणसं आली, त्यातले दोघे आमचेच. नंतर हॉल स्टेशनजवळ घेतला आणि वेळ रविवार दुपारची केली. मग लोक आले. एवढ्या साध्या गोष्टी असतात.

नियम तेच, फोन टोपलीत, फोटो नको असलेल्याने लाल टिकली लावायची, इथलं इथेच ठेवायचं. गोष्ट संपल्यावर सल्ला द्यायचा नाही, हा सगळ्यांत अवघड. आपल्याकडे माणूस रडायला लागला की चार जण डॉक्टर, वकील आणि गुरुजी सुचवतात.

पण मला खरा धडा मिळाला तो दुसरीकडून. एका मुलाने जुन्या मित्राची हकीकत सांगितली. नाव बदललं होतं. पण गाव खरं, बँक खरी, शाखा खरी, मोटरसायकलचा रंगसुद्धा खरा. मित्राचा मामेभाऊ तिसऱ्या खुर्चीत. तो कशासाठी आला होता हे त्याने घरी सांगितलं नाही, मित्राचं मात्र सांगितलं. तो मित्र माझ्याशी पुढे बोलला नाही. अजून बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. आपण स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा त्यात दुसऱ्याचं घर येतंच. त्यानंतर बोलणाऱ्याला आधी तासभर एकट्याला ऐकायला लागले. पहिला प्रश्न: यात अजून कोण कोण आहे, आणि त्यांना माहीत आहे का?
टोपली, टिकली, घंटा हे सगळं त्यानंतर.

रविवारचा_पेपर
विरोध नाही, पण प्रत्येक खासगी गोष्ट चारचौघांत सांगायलाच हवी का?

मठ्ठा_एक_ग्लास
परवा जायफळच्या गच्चीवर सगळ्यांनी सांगितलीच की! त्यांना विचारलंत का?

रविवारचा_पेपर
मुद्दा आहे. बसतो.

लोणच्याची_बरणी
मी आई आहे, म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. मुलाने सांगितलं तेव्हा मी काही बोललेच नाही. नंतर पालकांच्या बैठकीला गेले. मुंबईत 'स्वीकार' म्हणून पालकांचा गट आहे, तसाच पण आमच्याकडचा छोटा. खरं सांगते, मी गेले ते हे औषधाने बरं होतं का विचारायला. तिथे एक वडील बोलत होते. मुलीने सांगितलं तेव्हा ते उठले आणि पंखा पुसायला लागले. मग दुसऱ्या खोलीतला. मग शेजाऱ्यांचा. मला हुंदकाच आला, कारण त्या दिवशी मी सगळ्या बरण्या काढून धुतल्या होत्या. उन्हाळाही नव्हता.
जे विचारायचं होतं ते विचारलंच नाही. आता मुलगा आणि त्याचा मित्र दिवाळीला येतात. मित्र कारल्याचं लोणचं खातो, आमच्या घरात कोणी खात नाही.

निळी_सायकल
काकू शेजाऱ्यांचा पंखा 😭❤️

सांगली_नाका
मी पारलिंगी, लोकांच्या भाषेत तृतीयपंथी. गोष्टी सांगायला आम्हाला हॉल लागत नाही, गुरूच्या घरी रात्री जेवणं झाली की तेच चालतं. पण कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा आधी विचारतात, टाळी वाजवून दाखवाल का. एकदा माईक हातात आल्यावर म्हटलं, टाळी नाही, मी मार्क सांगणार. बारावीला गणितात ९१. सगळे गप. मग एक ताई म्हणाल्या, अय्या, मग पुढे?
पुढे काय. दाखल्यावर नाव एक, दारात उभी दुसरीच. २०१४ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने सांगितलं की स्वतःची ओळख स्वतः ठरवायची. पण कॉलेजच्या खिडकीतल्या माणसाने तो निकाल वाचला नव्हता ना.
असो. गणित अजून येतं. गल्लीतली तीन पोरं माझ्याकडे शिकवणीला येतात.

झुणका_वन_प्लेट
९१!! मला ३५ होते आणि त्यातले ४ ग्रेस.

पहाटेचे_चार
कॅलिफोर्नियातून. इथे बे एरियात 'त्रिकोण' ही आपल्या देशी लोकांची संस्था १९८६ पासून. एकदा अशाच जमावात सत्तरीतले एक काका मराठीत बोलले, मला उभ्या उभ्या भाषांतर करायला लावलं. ते म्हणाले, "त्याने मला अहो म्हणणं सोडलं, तेव्हा कळलं." आता सांगा, हे इंग्रजीत कसं करणार? मी पाच मिनिटं व्याकरण समजावत बसलो, काका वैतागून म्हणाले, अरे पुढे चल.

तीन_शिट्ट्या
आले. नादात सात झाल्या, डाळीची खीर झाली.
मी दोनदा गेले अशा कार्यक्रमाला. दोन्ही वेळा दारातून परत. पहिल्यांदा आत ओळखीचं कोणी असेल म्हणून. दुसऱ्यांदा कोणीच ओळखीचं नव्हतं म्हणून. नवरा चांगला आहे, मुलगी नववीत आहे. एवढंच लिहिते, ती अभ्यासाला शेजारीच बसलीये.

खुर्च्या_मोजणारी
@तीन_शिट्ट्या दारातून परत जाणारे आम्ही आलेल्यांतच मोजतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सावकाश बघ. मुलीचं आधी.

चारोळी_नको
विषयांतराबद्दल माफी. जायफळ, लिटरला किती जायफळ टाकता? आमच्याकडे गेल्या वर्षी जास्त पडलं, अर्धी विंग दुसऱ्या दिवशी हापिसात झोपली.

जायफळ
पाच लिटरला पाव. किसून, शेवटी, गॅस बंद केल्यावर.

सांगली_नाका
दूध राहू द्या. तुमची पहिली भेट कुठे आहे? धागा काढून स्वतः पातेल्यामागे.

लोणच्याची_बरणी
हो, सांगा बघू.

जायफळ
बरं. रूममेटला विचारलं, तो म्हणाला लिही, पण कणसं बरोबर मोज.
ऑगस्ट २००८, मुंबईतला आपला पहिला प्राइड मोर्चा. जायचं ठरवलं होतं, हिंमत झाली नाही. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, भुट्टेवाल्यापाशी, जसा काही कणीस खायलाच आलोय. शेजारी अजून एक जण, तोही कणीसच खायला आलेला. मोर्चा हलायला वेळ लागत होता. माझं संपलं, दुसरं घेतलं. त्यानेही घेतलं. तिसऱ्याला भुट्टेवाला म्हणाला, साहेब, जायचं तर जा ना, कणसं मी बघतो.

दुसरी_पाळी
गेलात का मग?

जायफळ
नाही. लिंबू संपलं होतं, दोघे लिंबू आणायला गेलो.