एनजीसी ३११५ लंबवर्तुळाकार का नाही?

एकाने विचारलंय की एनजीसी ३११५ या दीर्घिकेत सर्पिल भुजा दिसत नाहीत, मग तिला लंबवर्तुळाकार का म्हणू नये? कारण तिला तबकडी आहे. ही दीर्घिका आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, त्यामुळे मधला फुगवटा आणि दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली पातळ तबकडी फोटोत स्वच्छ ओळखता येते. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत अशी धारदार टोकं मिळत नाहीत. म्हणून वर्गीकरणात ती एस-शून्य, म्हणजे भिंगाकार.

भुजा नसण्याचं कारणही सरळ आहे. वायू आणि धूळ फारच कमी उरली आहे, नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत. जे आहेत ते बहुतांश जुने, म्हणून तिचा रंग पिवळसर.

मला सगळ्यात भारी वाटतो तो तिचा गाभा. केंद्राजवळ ताऱ्यांचा वेग इतका वाढतो की तिथे सूर्याच्या जवळपास १०० कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर मानावं लागतं. २०११ मध्ये चंद्रा या अवकाशातल्या वेधशाळेच्या क्ष-किरण निरीक्षणांत तप्त वायू त्याच्याकडे ओढला जाताना दिसला.

अंतर सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने ती १७८७ साली शोधली. दृश्यप्रत (आकाशात दिसणाऱ्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) ९ च्या आसपास असल्याने लहान दुर्बिणीतूनही सापडते. सिंह राशीच्या दक्षिणेला, सेक्स्टन्स तारकासमूहात बघा. आकाश काळोखं असेल तर तिचा लांबट आकार लगेच कळतो.