मुलगा तोंड उघडं ठेवून झोपतो, डेंटिस्टनी ईएनटीकडे पाठवलंय

झोपमोड:
नमस्कार मंडळी, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे, किडलेली दाढ दाखवायला नेलं होतं. डेंटिस्ट मॅडमनी दाढ बघितली आणि मग एकदम विचारायला लागल्या की हा घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, दात खातो का, दिवसा चिडचिड करतो का. सगळ्याला उत्तर हो! रात्रभर कूस बदलत असतो आणि दात खाल्ल्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत येतो, आम्ही आजवर जंत समजून औषध देत होतो. मॅडम म्हणाल्या टाळू अरुंद आणि खोल आहे, आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. दाढ दाखवायला गेले आणि नाकाची चिठ्ठी घेऊन आले, दातांचा आणि श्वासाचा खरंच एवढा संबंध असतो का?

ऑर्थोवाली:
ताई, तुमच्या डेंटिस्ट चांगल्या आहेत, चिठ्ठी बाजूला ठेवू नका. मी दात सरळ करायचं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. तोंडाचं छत म्हणजेच नाकाची जमीन, एकच हाड आहे ते, खालून बघितलं तर टाळू आणि वरून बघितलं तर नाकाचा तळ. त्यामुळे टाळू अरुंद असेल तर वर नाकालाही जागा कमी पडू शकते. आता जिभेचं बघा, तोंड मिटलेलं असताना जीभ वर टाळूला टेकलेली असते आणि वरच्या दातांची कमान आतून रुंद ठेवते, बाहेरून गाल दाबत असतात, दोघांचा तोल असतो. मूल सतत तोंडाने श्वास घ्यायला लागलं की जीभ खाली पडते, गालांचा दाब मात्र चालूच राहतो, आणि वाढत्या वयात कमान निमुळती होत जाते. अर्थात कधीकधी हाडाची ठेवणच तशी असते, त्यामुळे आधी काय झालं हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. लहान मुलांत बहुतेक वेळा मुळाशी वाढलेले अॅडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वर असलेली गाठ), टॉन्सिल नाहीतर अॅलर्जीने चोंदलेलं नाक असतं म्हणून ईएनटी आधी. आणि हो, तोंड उघडं राहिलं की लाळ सुकते, लाळ दातांचं रक्षण करते ना, म्हणून अशा मुलांचे दात लवकर किडू शकतात आणि पुढच्या हिरड्या लाल होऊ शकतात. दाढेचाही थोडा संबंध इथे असू शकतो.

टाळू खरंच अरुंद असेल तर एक्सपांडर, म्हणजे टाळू रुंद करणारं उपकरण बसवतात, मधे स्क्रू असतो, आईवडिलांनी चावीने थोडाथोडा फिरवायचा, टाळूच्या मधला हाडाचा सांधा हळूहळू उघडतो आणि तिथे नवीन हाड भरतं. वयात येण्याआधी हे सोपं जातं, नंतर तो सांधा घट्ट होतो. पण नुसतं घोरतो म्हणून कुणी एक्सपांडर सांगत असेल तर थांबा, तपासणी आधी.

मिटलेलेडोळे:
मोठ्यांचं सांगते. आमचे हे इतके घोरायचे की मधेच श्वास थांबायचा आणि मी घाबरून हलवायचे. डेंटिस्टनी झिजलेले दात बघून स्लीप स्टडी करा म्हटलं. त्यात तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात, मोठ्या माणसात निदान १० सेकंद अडला तर धरतात, ५ ते १५ सौम्य, ३० च्या वर तीव्र. यांचे २२ निघाले. सीपॅप मशीनचा (दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन) मास्क दोन महिने लावून बघितला, काही केल्या सहन होईना, मग डेंटिस्टनी मापाचं उपकरण करून दिलं जे रात्री खालचा जबडा जरा पुढे धरून ठेवतं, जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते. सुरुवातीला सकाळी जबडा आखडायचा, आणि वर्षानुवर्षं वापरलं तर वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण सरकू शकते म्हणून तपासणीला जावंच लागतं. उपकरण लावून परत स्लीप स्टडी केली तेव्हा आकडा ७ वर आला. ही दुसरी टेस्ट लोक टाळतात, टाळू नका, घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडायचा थांबला असं नसतं!

जुनीदाढ:
थोडं वेगळं पण लिहितो. माझं एका बाजूचं सायनस वर्षभर बरं होईना, वास यायचा, शेवटी कळलं वरच्या दाढेच्या मुळाशी पू होता. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालामागच्या हाडातल्या पोकळीच्या, अगदी तळाशी असतात. रूट कॅनाल झाल्यावर मोकळा झालो. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर रात्री कवळी काढून, धुवूनच झोपवा, तोंडातले जंतू झोपेत फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

झोपमोड:
खूप आभार सगळ्यांचे. ताई एक विचारायचं होतं, झोपताना तोंडाला टेप लावायचे व्हिडिओ फिरतायत, तोपर्यंत ते करू का?

ऑर्थोवाली:
अजिबात नको. नाक चोंदलेल्या मुलाचं तोंड बंद केलं तर त्याने श्वास घ्यायचा कुठून? त्यापेक्षा रात्री तो झोपला की छाती आणि चेहरा दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि ईएनटींना दाखवा, दवाखान्यात जागं मूल बघून जे कळत नाही ते त्यात दिसतं.

झोपमोड:
आज रात्रीच काढते. गुरुवारची वेळ मिळालीये.