‘आरोग्य विदा सामायिक करणे’ : साध्या मराठीत काय म्हणाल?

कंदीपेढा (सातारा)
मंडळी, एका वाक्यावर अडलोय. जावळीतल्या एका आरोग्य उपकेंद्रात लावायला आभा क्रमांकाबद्दलचं (आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा सरकारी क्रमांक) पत्रक मराठीत नीट करून द्यायचंय. हाती आलेला मसुदा असा : ‘माझा आरोग्य विदा दुय्यम वापरासाठी सामायिक करण्यास माझी संमती आहे.’
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “काय सामायिक करतायत? विहीर?”
हसलो, पण बरोबर तिचंच आहे. आपल्याकडे सामायिक म्हणजे सातबारा. सामायिक खातं, सामायिक विहीर आणि त्यावरून तीन पिढ्या चाललेली कोर्टकचेरी. त्याशेजारी ‘दुय्यम’ आला की दुय्यम निबंधक आठवतो. वर ‘संमती’. सगळं वाक्य हक्कसोडपत्रासारखं वाजतं. यावर अंगठा कोण देईल?
पहिला प्रश्न ‘विदा’चा, म्हणजे ‘डेटा’साठीच्या मराठी शब्दाचा. चालेल का, आणि तो विदा की ती विदा?

तंबोरा (मिरज)
विद् म्हणजे जाणणे, त्यावरून विदा. विज्ञानलेखनात आणि मराठी संकेतस्थळांवर बऱ्यापैकी रुळलाय. लिंगाचं म्हणाल तर दोन्ही वाचलंय. ‘डेटा’ पुल्लिंगी म्हणून ‘तो विदा’ म्हणणारे जास्त. अडचण हिंदीची आहे. विदा म्हटलं की मुलगी सासरी निघाली. आमच्या गावात त्याच घराण्यातला दुसरा शब्द चालतो, बिदागी. गवयाला निरोप देताना जे द्यायचं ते.
गंमत म्हणजे लॅटिनमध्येही ‘डेटा’चा अर्थ ‘दिलेलं’ असाच. नातं काही नाही, योगायोग आहे. पण ‘दिलेलं’ म्हटलं की ‘कुणी दिलेलं?’ हा प्रश्न आपोआप येतो. ‘विदा’त तो येत नाही, हे मला खटकतं.

बाजरीची भाकरी (जत)
आमच्याकडे कन्नड पेपर येतो, त्यात ‘दत्तांश’ असतं. दत्त म्हणजे दिलेलं, त्याचा अंश. अर्थाला चोख.

तंबोरा (मिरज)
चोख आहे, पण सांगली जिल्ह्यात ‘आरोग्य दत्तांश’ लिहिलंत तर लोक औदुंबरला जाऊन अंगारा मागतील.

रेकॉर्ड रूम (कराड)
वीस वर्षं केसपेपर सांभाळतोय, म्हणून बोलतो. एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबू नका. पेशंटचं लिहून ठेवलं ती नोंद. हजार नोंदींची बेरीज झाली की आकडेवारी. या दोन्हींच्या मधलं, म्हणजे अजून कुणी न वाचलेला नोंदींचा ढीग, त्याला विदा म्हणा हवं तर. ‘माहिती’ मात्र म्हणू नका. माहिती म्हणजे कुणाला तरी माहीत असलेलं, आणि ढीग कुणालाच माहीत नसतो.
ढिगातून काय निघतं याचं उदाहरण देतो. कोविडात ब्रिटनने रिकव्हरी नावाची चाचणी केली. इस्पितळात भरती झालेल्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी उपचारांत वाटणी, लिहायला अगदी मोजकं, आणि पुढे रुग्ण जगला की गेला हे त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नेहमीच्या नोंदींशी जोडून काढलेलं. मार्च २०२० ला सुरू झाली, जूनमध्ये उत्तर : डेक्सामेथासोन दिल्यास व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. औषध जुनं, स्वस्त, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं. नोंदी जोडलेल्या होत्या म्हणून तीन महिन्यांत कळलं.
त्याच देशाने तोंडही भाजून घेतलंय. ‘केअर डॉट डेटा’ नावाची योजना २०१३ मध्ये आणली. घरोघरच्या डॉक्टरांकडच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करायच्या. पत्रकं वाटली, पण नोंदी कुणाला देणार, विमा कंपन्यांना का, हे धड सांगितलं नाही. दहा लाखांहून जास्त लोकांनी नकार कळवला. २०१६ मध्ये गुंडाळली. तेव्हा शब्द नीट निवडा.

कंदीपेढा (सातारा)
‘नोंद’ मला पटतोय. पण साताऱ्यात गेली दोन-तीन वर्षं ‘नोंद सापडली का?’ म्हटलं की एकच अर्थ, कुणबी नोंद. आणि ती सापडते कशात? बऱ्याचदा गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत. वही कशासाठी ठेवली होती, तर कोण जन्मलं, कोण मेलं आणि कशाने. शंभर वर्षांनी पणतू त्यात जात शोधतोय. ‘दुय्यम वापर’, म्हणजे ज्यासाठी लिहिलं ते सोडून दुसऱ्याच कामासाठी वापर, समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

हळदबाजार (सांगली)
वा! वापर चांगला की वाईट हा भाग वेगळा, पण खापरपणजोबांना कुणी विचारलं नव्हतं हे खरं.
माझा मुद्दा दुसऱ्या शब्दावर. पत्रकात पुढे ‘निनावी स्वरूपात’ असेल तर तेही बघा. निनावी म्हणजे आपल्याकडे पत्र, तेही चहाडीचं. ‘नावं काढून’ लिहिलंत तर ‘पोराने नाव काढलं’ आठवतं.

आशाताई (पाटण)
उशिरा लिहितेय, दिवसभर सर्व्हे होता. विदा कुणी म्हणत नाही हो. आम्ही ‘एंट्री’ म्हणतो, नाहीतर ‘ऑनलाइन चढवलं’. डेटा म्हणजे मोबाइलचा, जो वाडीवर नेहमी संपलेला असतो.
नाव काढून काही होत नाही. हजार लोकसंख्येला एक आशा. माझ्या एका वाडीत चाळीस उंबरे. ‘पुरुष, वय ६२, टीबी, मुलगा मुंबईला’ एवढं लिहिलं की सगळ्यांना कळलं कोण ते. टीबीच्या पोर्टलचं नाव निक्षय आहे, नाव छान आहे, पण लोक अजून दार लावून खोकतात. आणि टीबीची नोंद सरकारी आदेशानेच करायची असते, २०१२ पासून. तिथे संमती कुठली?
तीस वर्षांवरच्यांचा सी-बॅक फॉर्म (बीपी, शुगरसारख्या आजारांचा धोका बघायची प्रश्नावली) भरताना तंबाखू, दारू, कंबरेचा घेर सगळं विचारते. बाया मला सांगतात कारण मी त्यांचीच. त्या ‘विदा’ देत नाहीत, विश्वासाने सांगतात.

रेकॉर्ड रूम (कराड)
ताईंचा मुद्दा तांत्रिक लोकांनीही मानलाय. ब्रिटनमध्येच ओपनसेफली म्हणून सोय केली. एक कोटी सत्तर लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या, पण नोंदी जागच्या हलवल्या नाहीत. संशोधकाने आपला हिशोब तिकडे पाठवायचा आणि फक्त उत्तर घेऊन यायचं. वही घरातच. याला ‘सामायिक करणे’ म्हणताच येणार नाही. ‘वापरू देणे’ म्हणा.

तंबोरा (मिरज)
‘वापरू देणे’ उत्तम. विहिरीचं पाणी वापरू दिलं म्हणून विहीर सामायिक होत नाही.

कंदीपेढा (सातारा)
मग असं करतो : ‘माझ्या आजाराच्या आणि तपासण्यांच्या नोंदी माझ्या उपचाराशिवाय इतर कामासाठी वापरू देण्यास माझी हरकत नाही.’ ‘विदा’ गेला, ‘सामायिक’ गेलं, ‘दुय्यम’ही गेलं. आईला वाचून दाखवलं, तिला कळलं.

आशाताई (पाटण)
‘हरकत नाही’ नको. ते तलाठ्याच्या नोटिशीत असतं, गप्प बसलं की हरकत नाही असं धरतात. ‘मी वापरू देते / देतो’ लिहा. आणि ‘इतर कामासाठी’ लिहिलंत तर पहिली बाई मला विचारणार, “कुठल्या?”

कंदीपेढा (सातारा)
ते मलाही सांगितलेलं नाही. मसुदा ज्यांनी पाठवला त्यांना विचारलंय. उत्तर येईपर्यंत तिथे मोकळी ओळ ठेवतो.