न्यू हॅम्पशरची प्रायमरी सप्टेंबरातून जूनमध्ये आणावी का?

नॅशुआकर

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. न्यू हॅम्पशरमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी होते. ती जूनमध्ये आणायला हवी. निदान अमेरिकी संसदेच्या, म्हणजे हाउस (खालचं सभागृह) आणि सिनेटच्या (वरचं) जागांसाठी तरी.

बाहेरच्यांसाठी थोडी ओळख. राज्याची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 13 लाख 77 हजार. हाउसच्या जागा दोनच. पूर्वेकडच्या पहिल्या मतदारसंघात मँचेस्टर आणि समुद्रकिनारा, तर दुसऱ्यात नॅशुआ, राजधानी कॉनकॉर्ड, पश्चिमेकडची गावं आणि उत्तरेचा डोंगराळ भाग. इथला मतदार कुणाच्या खिशात नसतो. पहिल्या मतदारसंघात 2010 ला रिपब्लिकन फ्रँक गिंटा, 2012 ला डेमोक्रॅट कॅरल शे-पोर्टर, 2014 ला पुन्हा गिंटा आणि 2016 ला पुन्हा शे-पोर्टर निवडून आल्या. 2016 ला सिनेटमध्ये डेमोक्रॅट मॅगी हॅसन यांनी रिपब्लिकन केली एयॉट यांना हरवलं ते सात लाखांहून जास्त मतांत फक्त 1,017 मतांनी. त्याच एयॉट 2024 ला गव्हर्नर झाल्या, आणि त्याच दिवशी याच राज्यानं हाउसच्या दोन्ही जागा डेमोक्रॅटांना दिल्या.

असा चोखंदळ मतदार असताना आपण त्याच्या हाती काय देतो? 2022 चं बघा. 13 सप्टेंबरला प्रायमरी, 8 नोव्हेंबरला निवडणूक. मोजून 56 दिवस. रिपब्लिकनांकडून सिनेटसाठी डॉन बोल्डक थोडक्या मतांनी जिंकले. वर्षभर ते 2020 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक चोरली गेली असं सांगत होते, आणि प्रायमरी जिंकल्यावर दोनच दिवसांत टीव्हीवर म्हणाले की चोरली गेली नव्हती. खरा माणूस कोणता, हे मतदारानं 56 दिवसांत ताडायचं? पलीकडे हॅसन पदावर होत्या, पक्षात दमदार आव्हान नव्हतं, आणि गोळा केलेला निधी शरद ऋतूसाठी राखून होता. आव्हान देणाऱ्याची तिजोरी प्रायमरीतच रिकामी होते. त्या वर्षी सिनेटच्या हॅसन आणि हाउसचे क्रिस पापास (पहिला मतदारसंघ) नि ॲन कस्टर (दुसरा) हे तिघेही पदावरचेच डेमोक्रॅट परत आले, आणि त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर क्रिस सुनूनू मोठ्या फरकानं जिंकले. म्हणजे त्या दिवशी लोक रिपब्लिकनांना मत द्यायला तयार होते. पण वॉशिंग्टनला पाठवायचा माणूस नीट पारखायला त्यांना वेळच मिळाला नाही.

मी हे कुठल्या पक्षाच्या बाजूनं लिहीत नाही. उद्या पदावर रिपब्लिकन असतील तेव्हाही हेच म्हणेन.

मेरिमॅककाठची

नॅशुआकर दादा, तुमची तळमळ कळते, पण निदान चुकलंय.

मी नॅशुआजवळच्या एका छोट्या गावात राहते आणि मतदारयादीच्या कामात मदत करते. जून म्हणणं सोपं आहे. या राज्याच्या खालच्या सभागृहात 400 सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला 100 डॉलर मिळतात. म्हणजे शिक्षक, निवृत्त नर्स, प्लंबर, शेतकरी. तेही याच प्रायमरीत उभे असतात. कॉनकॉर्डचं अधिवेशन जूनअखेरपर्यंत चालतं. पोटापाण्याचं काम सांभाळून अधिवेशनाला जाणाऱ्या माणसानं एप्रिल-मे मध्ये दारोदार कधी फिरायचं? अर्ज भरणं आत्ता जूनमध्ये असतं, ते मार्चमध्ये येईल. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावोगावी टाउन मीटिंगची (गावसभेची) निवडणूक असते. तीच टाउन क्लार्क (गावचं दप्तर सांभाळणारी), तोच मॉडरेटर (मतदान चालवणारा), तेच आम्ही चार मदतनीस. बर्फ वितळायच्या आत दोन निवडणुकांचा डोलारा कोण उचलणार?

आणि 2006 विसरलात का? ज्या शे-पोर्टर यांचं नाव तुम्ही घेतलंत, त्या समाजसेविका. पक्षाच्या वॉशिंग्टनमधल्या धुरीणांची पसंती दुसऱ्याला होती. हाताशी पैसा नव्हता. सप्टेंबरात प्रायमरी जिंकल्या आणि नोव्हेंबरात पदावरच्या जेब ब्रॅडली यांना घरी बसवलं. तेव्हा आठ आठवडे पुरले की.

पुण्याचा_वाचक

मी लांबून वाचतोय, पण एक गोष्ट लिहावीशी वाटते. आपल्याकडे उमेदवारी ठरते ती एबी फॉर्मवर. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कार्यकर्ते पक्ष कार्यालयाबाहेर ताटकळत असतात, आणि आत कुणाच्या नावाचा फॉर्म निघाला ते बाहेर आल्यावर कळतं. मतदाराला त्यात कुणी विचारत नाही. तुमच्याकडे सामान्य माणूस उमेदवार निवडतो. मग तो जूनमध्ये निवडला काय नि सप्टेंबरात काय, इतका फरक पडतो?

नॅशुआकर

पडतो, आणि का ते सांगतो. सप्टेंबरात कोण मत देतं ते मी जवळून पाहिलंय.

2022 पासून मी आमच्या प्रभागाच्या मतदान केंद्रावर मदतीला बसतो. शाळेचं जिम, लाकडी फरशीवर बास्केटबॉलच्या रेघा, त्यावर टेबलं. इथले दहातले जवळपास चार मतदार 'अनडिक्लेअर्ड' आहेत, म्हणजे कोणत्याच पक्षाशी नाव न जोडलेले. प्रायमरीच्या दिवशी ते येतात, टेबलावर विचारलं जातं, रिपब्लिकन मतपत्रिका हवी की डेमोक्रॅट? कागद हाती घेतला की ते त्या पक्षाचे नोंदले जातात. मत टाकून बाहेर पडताना दाराजवळ आणखी एक टेबल असतं. तिथे कार्डावर सही केली की पुन्हा अनडिक्लेअर्ड. त्या टेबलाची रांग मी पाहिलीय. लोक विचार करून येतात. पण जे येतात ते नोव्हेंबरच्या मानानं फार थोडे. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, सुट्टीहून परतलेली घरं, आणि प्रायमरी आहे हेच अनेकांना आदल्या आठवड्यात कळतं.

थोड्या मतांत निकाल फिरवणं सोपं असतं. 2022 ला दुसऱ्या मतदारसंघात डेमोक्रॅटांच्या बाजूच्या एका पॅकनं (निवडणुकीसाठी पैसा उभारणाऱ्या गटानं) रिपब्लिकनांच्याच प्रायमरीत पैसा ओतला. कीनचे महापौर जॉर्ज हॅन्सल मवाळ होते, नोव्हेंबरात जड गेले असते. म्हणून रॉबर्ट बर्न्स यांना पुढे करणाऱ्या जाहिराती केल्या. बर्न्स निसटते जिंकले आणि नोव्हेंबरात कस्टर यांनी त्यांना सहज हरवलं. एका पक्षाच्या पैशानं दुसऱ्याचा उमेदवार ठरवला. मी स्वतः त्या वर्षी कस्टर यांना मत दिलं, तरी हे मला पटलेलं नाही.

आणि ताई, 2006 ची गोष्ट खरी, पण तो काळ वेगळा होता. इराक युद्धाची चीड देशभर होती, आणि कंपन्यांच्या निवडणूक खर्चावरची मर्यादा उठवणारा 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेड निकाल अजून आला नव्हता. अमर्याद पैसा उभारणाऱ्या सुपर पॅकच्या जमान्यात आठ आठवड्यांची किंमत पार बदललीय.

किनारपट्टी

मग पैशावर बोला ना, तारखेवर का?

मी पोर्ट्समथला राहतो. ऑक्टोबरात इथल्या टीव्हीवर एका जाहिरातीला दुसरी लागून असते. राज्याचं असं मोठं चॅनल एकच, मँचेस्टरचं चॅनल 9. बाकी दक्षिणेकडे बॉस्टनची चॅनलं दिसतात. म्हणजे आमच्या पहिल्या मतदारसंघातल्या साधारण 6 लाख 90 हजार माणसांपर्यंत पोचायला उमेदवारानं अख्ख्या बॉस्टनचा दर मोजायचा. बघणारे बहुतेक मॅसॅच्युसेट्सचे, ज्यांना इथं मतच नाही. हा भार स्थानिक माणसाला झेपत नाही. जूनमध्ये प्रायमरी घेतलीत तर काय होईल? दोन महिन्यांचा हा भडिमार पाच महिने चालेल, आणि पुन्हा ज्याच्यामागे बाहेरचा पैसा त्याचीच चलती.

शिवाय पैसा दर वेळी जिंकतोच असंही नाही. 2022 ला आमच्याकडे रिपब्लिकन प्रायमरीत वॉशिंग्टनच्या नेत्यांचा कल मॅट मोवर्स यांच्याकडे होता. जिंकल्या कॅरोलाइन लेव्हिट, वय 25, हाउससाठी लागणारं किमान वय. नोव्हेंबरात पापास यांच्याकडून हरल्या आणि 2025 ला व्हाइट हाउसच्या प्रेस सेक्रेटरी झाल्या. त्यांचं राजकारण मला मान्य नाही, पण सप्टेंबरातल्या मतदाराला कुणी हातात धरून चालवलं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

मेरिमॅककाठची

हेच मला म्हणायचं होतं. आणि शेजारी कोण जूनमध्ये घेतं? मेन घेतं. व्हरमाँट ऑगस्टमध्ये. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आपल्यासारखेच सप्टेंबरात. तिथे कुणी आकाशपाताळ एक केलेलं नाही.

नॅशुआकर

तिथे ओरड नाही कारण तिथे बहुतेक वेळा प्रायमरीतच निकाल लागतो, नोव्हेंबर ही औपचारिकता असते. आपल्याकडे नोव्हेंबरची लढत खरी असते, म्हणून तिला वेळ हवा. मेन आपल्यासारखंच अटीतटीचं आहे, आणि ते जूनमध्ये घेतं.

गणिती_मास्तर

तारखेचा एक मुद्दा कुणी काढलाच नाही. परदेशातल्या सैनिकांना आणि नागरिकांना मतपत्रिका निवडणुकीच्या 45 दिवस आधी पाठवणं 2009 च्या संघीय कायद्यानं बंधनकारक आहे. 2024 ला निवडणूक 5 नोव्हेंबरला, म्हणजे 21 सप्टेंबरपर्यंत मतपत्रिका निघायला हव्यात. प्रायमरी झाली 10 सप्टेंबरला. मध्ये 11 दिवस. त्यातच निकाल, फेरमोजणी, हरकती, छपाई आणि टपाल.

फेरमोजणी या राज्याला नवी नाही. 1974 ला सिनेटसाठी लुई वायमन आणि जॉन डर्किन. पहिल्या मोजणीत वायमन 355 मतांनी पुढे. फेरमोजणीत डर्किन 10 मतांनी. पुन्हा मोजलं तर वायमन 2 मतांनी. दोन लाखांवर मतांत 2! प्रकरण सिनेटमध्ये गेलं, तिथे महिनोन् महिने घोळ, जागा रिकामी. शेवटी सप्टेंबर 1975 मध्ये निवडणूक नव्यानं घेतली आणि डर्किन सुमारे 27 हजारांनी जिंकले. असा पेच प्रायमरीत पडला तर 11 दिवसांत सोडवणार कसा?

माझा कल ऑगस्टच्या सुरुवातीकडे. अधिवेशन संपलेलं असतं, अर्ज मे-जूनमध्ये भरता येतील, आणि नोव्हेंबरला तीन महिने मिळतात.

मेरिमॅककाठची

मास्तर, 11 दिवसांचा मुद्दा मान्य. सप्टेंबरात मतपत्रिका छापून येईपर्यंत आमचा जीव टांगणीला असतो, हे खोटं नाही. पण ऑगस्टमध्ये अर्धं गाव विनिपसॉकी तळ्यावर नाहीतर मेनच्या किनाऱ्यावर असतं. दादा सप्टेंबरात मतदार कमी म्हणतात, ऑगस्टात आणखी कमी होतील.

आणि मतदार खरोखर कुठे अडतो ते सांगते. नोव्हेंबर 2024 पासून नव्या कायद्यानं पहिल्यांदा नाव नोंदवताना नागरिकत्वाचा कागद दाखवावा लागतो. आधीचं शपथपत्र आता चालत नाही. मार्च 2025 च्या गावनिवडणुकीत एक मराठी मैत्रीण पहिल्यांदा नाव नोंदवायला गेली. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं. तिला परत पाठवलं. ती घरी गेली, लग्नाचा दाखला शोधला, सोबत त्याचं इंग्रजी भाषांतर घेतलं आणि बंद व्हायच्या आत पोचली, म्हणून मत पडलं. जिच्याकडे गाडी नाही किंवा कामावरून सुट्टी नाही ती काय करेल? 1,017 मतांनी सिनेटर ठरणाऱ्या राज्यात मला याची काळजी जास्त वाटते.

नॅशुआकर

तुमच्या मैत्रिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. या कायद्यावर आपलं एकमत आहे. माझंही नागरिकत्व अलीकडचं, ते प्रमाणपत्र मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं, आता घरी आणलंय. पण एक अडचण आहे म्हणून दुसरी सोडून द्यायची, हे मला पटत नाही.

मतदारसंघांचंच उदाहरण घ्या. 1881 पासून इथल्या दोन मतदारसंघांच्या सीमा जवळपास त्याच आहेत. 2022 ला विधिमंडळातल्या रिपब्लिकन बहुमतानं पहिला मतदारसंघ आपल्यासाठी सुरक्षित करणारा नकाशा केला. त्यांच्याच पक्षाच्या सुनूनू यांनी तो रोखला, शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मोजकीच गावं हलवून नकाशा ठरवला. दोन्ही जागा चुरशीच्या राहिल्या त्या तेव्हा माणसं ठाम उभी राहिली म्हणून. आणि आता राज्याच्या दुसऱ्या सिनेटर जीन शाहीन 2026 ला उभ्या राहणार नाहीत हे त्यांनी मार्च 2025 मध्येच जाहीर केलंय. पापास सिनेटकडे वळले, त्यामुळे पहिल्या मतदारसंघातही पदावरचं कुणी नाही. सिनेटची आणि हाउसची अशा या दोन्ही जागांवर नवी माणसं, आणि त्यांना समोरासमोर पाहायला पुन्हा आठच आठवडे.

मास्तरांचा ऑगस्ट मी मान्य करायला तयार आहे. अधिवेशनाबद्दल ताईंनी लिहिलेलं मी लक्षात घेतलं नव्हतं. 100 डॉलरवर राबणाऱ्या त्या 400 जणांना जून खरंच जड जाईल.

किनारपट्टी

माझा विरोध कायम. प्रचाराचे तीन महिनेही मला जास्तच वाटतात.

नॅशुआकर

ठीक. इथं प्रत्येक विधेयकाला जाहीर सुनावणी मिळते. पुढच्या वेळी तारखेचं विधेयक आलं की मी कॉनकॉर्डला जाऊन समितीपुढे ऑगस्टच्या बाजूनं बोलणार आहे. आपल्या लोकांपैकी आणखी कुणी आलं तर बरं वाटेल.

मेरिमॅककाठची

मी येईन, विरोधात बोलायला. टाउन क्लार्कची बाजू तिथे कुणीतरी मांडायला हवी, आणि त्या नागरिकत्वाच्या कागदाबद्दलही मला बोलायचंय. नॅशुआहून निघताना मला घ्या, वाटेतच राहते मी. सकाळी लवकर निघू, नाहीतर पार्किंग मिळत नाही.