शब्दचर्चा : ‘पटू’ कोणाला लावायचं?

चिटणीस : गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत दोघांचा सत्कार आहे. एक मुलगी खो-खो खेळते, राज्याच्या संघात आहे. दुसरा मुलगा बीजीएमआय या मोबाईलवरच्या बंदुकबाजीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत गेला. पत्रिकेच्या मसुद्यात एकीला ‘खो-खोपटू’ म्हटलंय आणि दुसऱ्याला ‘मोबाईल गेम खेळणारा’. मला हे खटकलं. ‘धंदेवाईक गेमर’ चालेल का?

शब्दवेडी : धंदेवाईक नको हो! त्या शब्दाला वास येतो, पैशासाठी काहीही करणारा असा. नाटकवाले ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ अशी जोडी वापरतात, त्यात कमीपणा नाही. पण मुळात खटकतंय ते वेगळंच. संस्कृतात ‘पटु’ म्हणजे निपुण, तल्लख. म्हणजे एकीला तुम्ही निपुण म्हणताय आणि दुसऱ्याच्या बाबतीत नुसती क्रिया सांगताय. दुपारी सोफ्यावर लोळून आम्हीही गेम खेळतोच की.

तालीमवाला : ताई, पटू हा वर्तमानपत्री शब्द. लाल मातीत कुणी कुणाला ‘कुस्तीपटू’ म्हणत नाही, पैलवान म्हणतात. आणि पैलवान दिसतो हो. मोडलेला कान लांबून ओळखू येतो. अंगठे हलवणाऱ्याला त्याच ओळीत बसवायचं?

शब्दवेडी : दादा, दिव्या देशमुख नागपूरची. २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. तिला बुद्धिबळपटू म्हणताना कुणाची जीभ अडखळली का? तिचा तर कानही मोडलेला नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमचे सामने, प्रदर्शनीय होते, हांगझोऊला २०२३ मध्ये त्यात खरी पदकं दिली गेली.

चिटणीस : परवा त्या मुलाकडे गेलो होतो. दोन्ही अंगठ्यांना आणि तर्जन्यांना कापडी टोप्या. घामाने बोट पडद्यावर घसरू नये म्हणून, म्हणाला. चार बोटांनी खेळतो, शिवाय फोन किंचित तिरका करून नेम साधतो. एकच बंदूक, एकच भिंत, अर्धा तास नुसत्या गोळ्या. भिंतीवरचा ठिपक्यांचा पुंजका लहान होईपर्यंत. माझा चहा निवला.

तालीमवाला : हे जोर-बैठकांसारखंच झालं म्हणायचं. बरं, मग त्याला ‘कसबी’ म्हणा. पटूपेक्षा मला तो शब्द जवळचा.

शब्दवेडी : कसब सुरेखच. अरबीतून आलेला, मूळ अर्थ कमाई. आपण कमावलेलं शरीर म्हणतो, गवयाचा कमावलेला आवाज म्हणतो, तशी ही कमावलेली बोटं. फक्त पत्रिकेत ‘कसबी’ छापू नका. कसबीण आठवून कुणीतरी फिदीफिदी हसेलच.

तालीमवाला : खरंय. पण ‘बीजीएमआयपटू’ म्हणजे औषधाचं नाव वाटतं.

शब्दवेडी : ‘ई-क्रीडापटू’ लिहा. आज कानाला टोचेल. गोलंदाज म्हणजे एके काळी तोफखान्यातला माणूस, आता कुणाला तोफ आठवते?

चिटणीस : ठरलं. मुलाला विचारलं, तो म्हणाला, ‘काका, नुसतं प्लेअर लिहा ना.’ ते मी ऐकलं नाही असं केलं. एक शेवटचं : पटू ऱ्हस्व की दीर्घ? छापखानेवाला थांबलाय.

शब्दवेडी : शेवटी येतोय, म्हणून दीर्घ. ‘पटुत्व’ लिहाल तेव्हा ऱ्हस्व.