‘अ गुड टेन मिनिट्स’ म्हणजे चांगली दहा मिनिटं?

प्रश्न

एका इंग्रजी कथेचं भाषांतर करते आहे. एक म्हातारा फाटकापाशी मुलाची वाट बघत उभा राहतो, तिथे मूळ शब्द आहेत ‘अ गुड टेन मिनिट्स’. मी लिहिलं, ‘तो चांगली दहा मिनिटं उभा होता’. मजकूर तपासणाऱ्या स्नेह्यांनी ‘चांगली’खाली लाल रेघ ओढली. त्यांचं म्हणणं, हे इंग्रजी वळण आहे; मराठीत वेळ चांगली किंवा वाईट असते, मिनिटं नव्हे. त्यांनी सुचवलेलं ‘तब्बल दहा मिनिटं’ कानाला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. ‘द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर’, ‘स्मॉल अवर्स’, ‘लेट नाइन्टीन्थ सेंच्युरी’ हेही पुढे आहेतच. काळाला लावलेल्या या विशेषणांचं करायचं काय?

प्रतिसाद

‘चांगली’ ठेवा. हे उसनं नाही. ‘आलीच आहेस तर चांगले चार दिवस राहून जा’ असं म्हणणाऱ्या आजीला इंग्रजी यायची गरज नसते. ‘चांगला चोप दिला’, ‘चांगलं शेरभर दूध’ यांतही ‘चांगला’ गुण सांगत नाही, भरघोसपणा सांगतो. मापाला कमी नाही, झालं तर चार दाणे जास्तच. इंग्रजी ‘गुड’ तिथे नेमकं हेच करतं.

‘तब्बल’ खटकतं ते बरोबर आहे. ‘तब्बल’ म्हणणारा माणूस बाहेर उभा राहून आकड्याकडे बघत असतो आणि आकड्याने थक्क झालेला असतो: ‘तब्बल अठरा वर्षांनी निकाल लागला’. तुमचा म्हातारा थक्क झालेला नाही. तो वाट बघतोय, आणि त्याला ती दहा मिनिटं जाणवताहेत. ‘चांगली’मध्ये ते जाणवणं आहे. घड्याळ लावून मोजलेली दहा, असं म्हणायचं असेल (इंग्रजीतलं ‘अ फुल टेन मिनिट्स’), तर ‘पुरी दहा मिनिटं’.

इंग्रजी रचनेतली एक गंमत बघा. ‘टेन मिनिट्स’ अनेकवचन, तरी पुढे एकवचनी ‘अ’ बसतो. विशेषण काढलं की तो ‘अ’ही उभा राहू शकत नाही, ‘अ टेन मिनिट्स’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे विशेषणामुळे सुट्या दहा मिनिटांची एक मोट बांधली जाते. मराठीत विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं: चांगली दहा मिनिटं, चांगले दोन तास. मोट बांधायचं काम आपल्याकडे ‘भर’ करतं, म्हणून ‘चांगला तासभर’ एकवचनात येतं.

आणि हा ‘भर’ जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘दुपारभर’ म्हणजे सगळी दुपार, ‘भर दुपारी’ म्हणजे ऊन डोक्यावर असतानाची नेमकी वेळ. ‘दिवसभर’मध्ये दिवसाचा कोपरा न् कोपरा येतो, ‘तासभर बसला’मध्ये मात्र पन्नास मिनिटंही चालतात आणि सत्तरही. इंग्रजीला यासाठी निरनिराळे शब्द शोधावे लागतात.

‘द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर’चं ‘तासाचा चांगला भाग’ करू नका, ते साफ चुकेल. इथे ‘बेटर’ म्हणजे मोठा, अर्ध्याहून जास्त. ‘जवळजवळ तासभर’ किंवा ‘तासातला बराचसा वेळ’.

‘स्मॉल अवर्स’मधला लहानपणा घड्याळातल्या आकड्यांचा आहे: एक, दोन, तीन. याला ‘उत्तररात्र’ हा शब्द तयारच आहे. ‘पहाट’ वापरताना जपा. प्रहर तीन तासांचा, आणि पहाट म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर, साधारण तीननंतरचा. बातम्यांत ‘पहाटे दीड वाजता’ वाचलं की मला फार वाईट वाटतं, कारण मध्यरात्र आणि उत्तररात्र हे दोन्ही शब्द हाताशी असताना आपण ते टाकून देतो. ‘अपरात्री’ही आहे, पण त्यात अवेळ आहे. ‘अपरात्री दार वाजलं’मध्ये धास्ती येते, ती ‘स्मॉल अवर्स’मध्ये नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘लेट’चा. ‘लेट नाइन्टीन्थ सेंच्युरी’चं आपण डोळे झाकून ‘एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात’ करतो. उत्तरार्ध म्हणजे सरळ दुसरी पन्नास वर्षं. १८५७चा उठाव उत्तरार्धात येतो, पण इंग्रजीत त्याला ‘लेट’ कुणी म्हणणार नाही, ‘मिड’ म्हणतील. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ते ‘लेट’. तेव्हा ‘शतकाच्या अखेरीस’ किंवा ‘शेवटच्या दोन-तीन दशकांत’ असं लिहावं. चांगल्या इतिहासग्रंथांच्या भाषांतरांतही ही पंचवीस-तीस वर्षांची घसरण होते आणि वाचकाला पत्ता लागत नाही.

प्रतिसाद

वरचं पटलं, पण ‘इंग्रजीला निरनिराळे शब्द शोधावे लागतात’ यावर थोडं बोलायचं आहे. ‘अवघा’ घ्या. ‘अवघा दिवस वाया गेला’ म्हणजे अख्खा दिवस. ‘अवघा एक दिवस उरला’ म्हणजे फक्त एक. शब्द तोच, अर्थ उलटा. अभंगांत ‘अवघा’ म्हणजे सगळा, दुसरं काही नाही. मला वाटतं आकडा शेजारी आला की ‘जे काही आहे ते सगळं मिळून एवढंच’ अशी वाट धरून अर्थ ‘फक्त’कडे जातो.

आता इंग्रजीत बघा: ‘इट टुक ऑल ऑफ फाइव्ह मिनिट्स’. ‘ऑल’ म्हणजे सगळं, पण वाक्याचा अर्थ बहुतेकदा ‘अवघ्या पाच मिनिटांत झालं’. दोन्ही भाषा आपापल्या वाटेने त्याच जागी पोचल्या आहेत. त्यामुळे ‘ऑल ऑफ’ दिसलं की ‘संपूर्ण पाच मिनिटं’ लिहू नका, आधी बोलणारा कौतुक करतोय की कुरकुर, ते पाहा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘चांगली दहा मिनिटं’ पुन्हा जागेवर आणली. त्याच कथेत पुढे मुलगा येतो आणि जितका वेळ थांबतो, तिथे खरोखरच ‘ऑल ऑफ फाइव्ह मिनिट्स’ आहे. मी ‘पूर्ण पाच मिनिटं’ लिहून ठेवलं होतं. आता वाक्य असं केलंय: ‘मुलगा आला आणि अवघी पाच मिनिटं बसून गेला.’