नाजूक जागी कापलं किंवा चिरलं तर घरी काय करावं, दवाखाना कधी गाठावा?

कोरांटी:
रेझरचा काप, पँटच्या चेनमध्ये अडकलेली कातडी, संबंधांच्या वेळी पडलेली बारीक चीर. हे सर्रास घडतं, पण लाजेपोटी विचारत कुणी नाही आणि मेडिकलमधून मिळेल ती ट्यूब आणून चोपडली जाते. म्हणून नेमकं विचारते. समजा, अंडकोषाच्या पिशवीवर रेझरने अर्धा सेंटिमीटरचा वरवरचा काप गेला आणि रक्त थांबत नाही. आधी काय करायचं? बीटाडीन लावायचं की व्हॅसलिन? तिथे पट्टी टिकत नाही, त्याचं काय? आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का?

दवबिंदू:
आधी रक्ताचं. तिथली कातडी पातळ, रक्तपुरवठा भरपूर, आणि खालचा स्नायू सारखा आकसतो-सैलावतो. कापाच्या कडा हलत राहतात, म्हणून एवढासा काप भसाभसा वाहिल्यासारखा दिसतो. स्वच्छ गॉझ किंवा धुतलेल्या सुती रुमालाची घडी कापावर ठेवा, फक्त कातडी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरा (आतली अंडकोषाची गोळी दाबली जाऊ देऊ नका) आणि घड्याळ लावून सलग 10 मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही. लोक नेमके इथेच चुकतात: दर वेळी नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. दोरा, रबर किंवा घट्ट पट्टी गोल आवळून तर कधीच नाही. 20 मिनिटांनंतरही वाहत असेल, कडा फाकलेल्या असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दवाखाना.

रक्त थांबल्यावर साध्या पाण्याची हलकी धार सोडा, साबण फक्त आजूबाजूला. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, आफ्टरशेव्ह, तुरटी, हळद यातलं काहीही नको. त्या कातडीवर औषध इतर जागेपेक्षा कितीतरी पटकन शोषलं जातं. न मिसळलेलं डेटॉल तिथे चक्क भाजतं, आणि मग ती भाजलेली लाली बघून ‘जखम चिघळली’ म्हणून आणखी काहीतरी लावलं जातं. बीटाडीन एकदा लावलंत तर हरकत नाही, रोज नको.

नंतर दिवसातून दोन-तीनदा मटाराएवढं व्हॅसलिन, तेही नव्या ट्यूबमधून. घरभर बोटं बुडवतात त्या डबीतून नाही. ओलसर जखमेवर कडक खपली धरत नाही, त्यामुळे चालताना ती तडकतही नाही. चिकटपट्टी लावूच नका, काढताना केस आणि नवी कातडी दोन्ही ओढली जातात. अंगाबरोबर बसणाऱ्या सुती चड्डीत पातळ पँटीलायनर (चड्डीला आतून चिकटणारा छोटा पॅड) ठेवा, पुरुषांनीही. खुशाल ठेवा, इतकं सोयीचं दुसरं काही नाही. जखम पूर्ण भरेपर्यंत दाढीचा रेझर आणि संबंध दोन्ही बंद. साधारण आठवडा-दहा दिवस.

सांधेवाला:
चेनबद्दल. अडकल्यावर पहिली ऊर्मी चेन झटक्यात खाली ओढायची असते आणि खरी इजा तिथेच होते. हात थांबवा. खोबरेल तेल भरपूर सोडा, 10 मिनिटं थांबा, मग अगदी हलक्या हाताने सोडवून बघा. नाही सुटली तर चेनची सरकती कडी नीट पाहा: पुढची आणि मागची अशा दोन पत्र्यांना वरच्या टोकाला एक छोटा धातूचा पूल जोडतो. तो कटर पकडीने तोडला की दोन्ही पत्रे वेगळे होतात आणि दात आपोआप उघडतात. कातडी कडीत नसून खालच्या नुसत्या दातांत असेल, तर दातांखालचं कापड आडवं कापा, बाजू सुट्या होतात. पँट वाचवायच्या नादाला लागू नका. हे घरी जमत नसेल तर सरळ अपघात विभागात जा. तिथे जागा बधिर करून सोडवतात.

दवबिंदू:
धनुर्वाताचं राहिलं. स्वच्छ, वरवरच्या कापाला शेवटचा डोस 10 वर्षांत झाला असेल तर गरज नाही. गंजकी किंवा मातीची वस्तू लागली असेल तर ही मर्यादा 5 वर्षं. लहानपणी लसीकरण पूर्ण झालेलं असेल तर शाळेत असताना 10 आणि 16 व्या वर्षी डोस झालेला असतो. त्यावरून हिशोब करा. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते.

मोगरी:
बायकांसाठी दोन गोष्टी. चीर असताना लघवी झोंबते, म्हणून पाणी पिणं कमी केलं जातं. त्याने लघवी जास्त तीव्र होऊन आणखीच झोंबते. उलट पाणी जास्त प्या आणि लघवी होत असतानाच कोमट पाण्याचा तांब्या वरून सोडा. पाळी कायमची गेल्यावर वारंवार चिरत असेल तर तो बहुधा कोरडेपणा असतो. त्यावर इलाज आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. पडून किंवा आदळून योनीच्या ओठाशी सूज आली तर कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं धरा. सूज वाढत राहिली, लघवी अडली किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, तर लगेच जा. इजा जबरदस्तीतून झाली असेल तर शक्यतो अंघोळ न करता रुग्णालयात जा. सरकारी असो वा खासगी, मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

कोरांटी:
पुरुषांच्या पुढच्या कातडीला टोकाशी पुन्हा पुन्हा बारीक चिरा पडतात, ते काय?

दवबिंदू:
आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहात तिथे बुरशी धरते, कातडी लालसर होऊन कागदासारखी चिरते. अनेकांना मधुमेहाचा पत्ता पहिल्यांदा इथूनच लागतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहावरच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही हे होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना कळवा. ‘तीन औषधं एकात’ असलेली मलमं मात्र लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने चार दिवस आराम वाटतो, खाली बुरशी फोफावते आणि कातडी आणखी पातळ होते. पांढरट, ताठर चट्टा असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. न दुखणारा व्रण, पाण्याचे फोड किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर ती इजा नसून गुप्तरोग असू शकतो. रक्त तपासून घ्या.

रात्रीच निघायचं असे प्रसंग: मागे ओढलेली पुढची कातडी परत येत नाही, लिंग ताठर असताना ‘कट्’ आवाज होऊन सूज आणि काळंनिळं, अंडकोषात अचानक जोराचा ठणका (पीळ पडला असेल तर हाताशी साधारण 6 तास असतात), जखमेच्या मानाने फार जास्त दुखणं, ताप, भराभर पसरणारी लाली किंवा काळी पडलेली कातडी. मधुमेहींनी शेवटच्या लक्षणांत सकाळची वाट बघूच नये. आत गेल्यावर काऊंटरवर सगळं सांगायची गरज नाही. ‘जांघेत इजा आहे, डॉक्टरांनाच दाखवायचं आहे’ एवढं पुरतं.